पंचवीस वर्षांच्या कोर्व्हेटला नवे हेडर : कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार – ६ तास

गाडी शेव्हरोले कोर्व्हेट सी-५, १९९९ची, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन एलएस-१, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, कंपनीने सांगितलेली ताकद ३४५ अश्वशक्ती. मूळचे ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारे तुकडे, काढून त्यांच्या जागी स्टेनलेसचे लांब नळ्यांचे हेडर बसवायचे आहेत; यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. नळी पावणेदोन इंची, चार नळ्या जिथे एकत्र येतात तो कलेक्टर तीन इंची, आणि सोबत दोन कॅटसकट (धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मधला पाइप. कॅट ठेवायचेच हे पहिल्या दिवशी ठरवलं. बऱ्याच देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बेकायदा आहे. तसं नसतं तरी मी काढला नसता, कारण मागच्या गाडीतल्या माणसाने माझा धूर का प्यायचा?

माझा अंदाज दोन शनिवार-रविवारचा होता. तो किती चुकला हे पुढे येईलच.

आज फक्त गाडी उचलली आणि वाट मोकळी केली. हे हेडर खालून वर जातात, त्यामुळे चारही चाकं चांगली वर हवीत. मी एकदम न उचलता चारही कोपरे पाळीपाळीने, थोडे थोडे चढवले. या गाडीची बॉडी पत्र्याची नाही आणि जॅक भलत्या जागी लागला तर ती तडकते, म्हणून ठरलेल्या खाचांतच रबरी ठोकळे लावून उचला. स्टँडवर घेतल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहिली आणि मगच खाली शिरलो.

बॅटरी सोडली. प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या आठही कॉइल ब्रॅकेटसकट काढून बाजूला ठेवल्या, त्यामुळे वरून हात घालायला भरपूर जागा होते. प्लगच्या वायरी आणि प्लग काढले. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे, प्लग थंड इंजिनातच काढा. गरम असताना काढले तर आटे सोबत येण्याची भीती असते. खाली मधल्या बोगद्यावरची अॅल्युमिनियमची प्लेट तीसहून जास्त छोट्या बोल्टांनी धरलेली आहे. तेवढ्यातच पाऊण तास गेला. ते सगळे बोल्ट एका डब्यात ठेवले आणि डब्यावर नाव लिहिलं.

चारही ऑक्सिजन सेन्सर निघाले. २२ मिमीचा, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट घ्या. साध्या पान्याने षटकोन गोल होतो.

रात्री मॅनिफोल्डच्या बाराही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार – ५ तास

डावी बाजू सुरळीत झाली. सहा बोल्ट, प्रत्येक आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने. कर्रर्र आवाज आला की थांबायचं, पुन्हा तेल मारायचं, पुन्हा पुढे-मागे करायचं. धुरात ताजी हवा सोडणारी दुय्यम हवेची नळी मॅनिफोल्डवर दोन बोल्टांनी बसते, तीही निघाली. मॅनिफोल्ड हातात आल्यावर त्याचं वजन कळलं.

उजवीकडे पाच बोल्ट निघाले. सहावा म्हणजे आठ नंबर सिलिंडरचा मागचा, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चिकटून असलेला. तिथे पाना जेमतेम एक-अष्टमांश फिरतो. अर्धा फेरा झाला आणि हाताला एकदम मऊ लागलं. हा मऊपणा ज्याने एकदा अनुभवलाय तो विसरत नाही. बोल्ट सुटत असतो तेव्हा हाताला दाणेदार अडकणं जाणवतं. तुटायच्या आधी तो साखरेच्या पाकासारखा ताणला जातो. मी तिथेच थांबायला हवं होतं. पाव फेरा आणखी दिला आणि बोल्ट हेडच्या पृष्ठभागाशी साफ तुटला.

चूक काय, तर बाकीचे अकरा सुटले म्हणून बाराव्याला मी वेळ दिला नाही. सगळ्यात मागचा बोल्ट सगळ्यात जास्त तापतो आणि थंड होताना सगळ्यात जास्त ओढला जातो, कारण लोखंडी मॅनिफोल्ड आणि अॅल्युमिनियमचं हेड वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात-आकसतात. त्यामुळे टोकाचे बोल्ट आधी थकतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करा, हात ताजे असताना.

४ फेब्रुवारी, मंगळवार – २ तास, सगळे वाया

संध्याकाळी तुटलेल्या बोल्टच्या मधोमध भोक पाडायला बसलो. काटकोनी ड्रिल, डाव्या फेऱ्याचं ३ मिमीचं पातं. डाव्या फेऱ्याचं पातं घेण्याचं कारण असं की कधी कधी ते बोल्टला धरतं आणि ड्रिलिंग करता करताच बोल्ट बाहेर येतो. मात्र तुटलेला पृष्ठभाग तिरका होता, पंचने खूण नीट बसली नाही आणि पातं घसरलं. मध्यापासून दीड मिमी बाहेर भोक पडलं आणि कडेच्या अॅल्युमिनियमला ओरखडा गेला.

हातात एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला बोल्ट भोकात धरून उलटा फिरवणारं हत्यार, होता. तो घातला नाही, हा या कामातला माझा सगळ्यात बरा निर्णय. मध्य सोडून पडलेल्या भोकात एक्स्ट्रॅक्टर तुटला तर ते कडक पोलाद कोणतंही साधं पातं कापत नाही आणि मग हेड उतरवावं लागतं.

८ फेब्रुवारी, शनिवार – ४ तास

वेल्डिंग करणारे एक ओळखीचे काका घरी आले. आल्या आल्या टॉर्च मारून भोक पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"मीच, काका. पातं घसरलं."

"बरं झालं थांबलास. आता बोल्टला हात लावू नकोस, मला आधी सगळं झाकून दे."

झाकायलाच पाऊण तास लागला. बॉडी पेट घेणारी, शेजारी इंधनाची नळी, वायरींचे जुडगे. वेल्डिंगची जाड चादर, ओली फडकी आणि हाताशी अग्निशामक. बॅटरीची दोन्ही टोकं सुटलेली, इंजिन कंट्रोलरचे कनेक्टर काढलेले, आणि वेल्डिंगचा अर्थ-क्लँप थेट हेडवर, कामाच्या शेजारी.

रीत अशी. तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर थेंब थेंब वेल्ड ठेवत एक छोटा खांब उभा करायचा. वेल्ड लोखंडाला धरतं, अॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून थोडं इकडेतिकडे गेलं तरी हेडला चिकटत नाही. मग त्या खांबावर नट ठेवून आतून भरायचा. पहिला नट लगेच उपटून आला. दुसराही. दर वेळी काका म्हणायचे, "चालू दे, उष्णता आत जातेय, तीच काम करतेय." तिसरा नट लावल्यावर लाली जाईपर्यंत थांबले, मेणबत्तीचं मेण आट्यांशी टेकवलं, ते आत ओढलं गेलं आणि त्यांनी पाना पुढे-मागे हलवायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग एक बारीक टिक् आवाज आला आणि नट बोल्टसकट फिरला. पूर्ण बाहेर यायला दहा मिनिटं घेतली त्यांनी, मध्ये मध्ये मागे फिरवत. मी घाई केली असती.

नंतर एम-८ गुणिले १.२५चा टॅप (आटे कापणारं हत्यार) हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा घातला. तोंडाचे दोन आटे माझ्या ओरखड्याने गेलेले आहेत, आतले शाबूत आहेत. नव्या बोल्टने २५ न्यूटन-मीटर धरलं तर ठीक, नाहीतर आट्यांची स्प्रिंग, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागेल.

खर्च सांगायचा तर काकांची मजुरी, टॅप, पातं, नवे बोल्ट आणि गॅस्केट (सांध्यात दाबून गळती रोखणारी पट्टी) मिळून हेडरच्या किमतीचा साधारण सहावा भाग या एका बोल्टभोवती गेला.

९ फेब्रुवारी, रविवार – ५ तास

हेडचे पृष्ठभाग साफ केले. अॅल्युमिनियमवर तारेचा ब्रश मशीनला लावून फिरवू नका, खड्डे पडतात. प्लास्टिकची खरवडणी आणि हाताचा बारीक स्कॉच-ब्राइट पुरतो. त्याआधी पोर्टमध्ये (हेडमधली धूर बाहेर पडायची भोकं) फडक्याचे बोळे घाला, आणि बोळे मोजून ठेवा. आठ घातले, आठ काढले.

उजव्या हेडरच्या फ्लँजवर, म्हणजे हेडला बोल्टांनी बसणाऱ्या सपाट भागावर, सरळ पट्टी ठेवून पाहिली. फट मोजायची ०.१ मिमीची पात कुठेही आत गेली नाही, छान. डावा त्याच पेटीतून आलेला, त्याच बनावटीचा, म्हणून तो तपासला नाही. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय.

किटसोबत आलेली जाड कागदी गॅस्केट वापरली नाहीत. या इंजिनाला मूळची पोलादाच्या थरांची गॅस्केट येतात आणि ती तापून थंड होण्याला जास्त टिकतात. नवीन जोडी तीच आणली.

हेडर पुसून घेतले. स्टेनलेसवर बोटांचे तेलकट ठसे राहिले तर पहिल्या तापण्यात ते कायमचे भाजून बसतात. अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर हातमोज्यांनीच धरा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर या कामाला अजिबात नको, त्याचे अंश तापल्यावर विषारी वायू होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार – ९ तास

एक मित्र मदतीला आला. एकट्याने हे काम होईल, पण वरून एकाने फ्लँज धरायचा आणि खालून दुसऱ्याने ढकलायचं, याने बराच त्रास वाचतो.

उजवीकडे आधी स्टार्टर काढला, तो त्याच बाजूला खाली असतो. हेडर खालून वर सरकवला, दोन टोकांचे बोल्ट चार-चार आटे लावून टांगता ठेवला, मग गॅस्केट वरून मध्ये सोडलं. आठ नंबरचा मागचा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. मित्राने विचारलं, "अरे हाच ना तो?" हाच.

डावीकडे स्टिअरिंगचा दांडा आड येतो. हेडर वर गेला, पण एक नळी दांड्यापासून फक्त ४ मिमीवर. थंड असताना ४ मिमी म्हणजे गरम झाल्यावर काहीच नाही. ३०४ स्टेनलेस दर अंशाला दर मीटरमागे ०.०१७ मिमी वाढतं. पाऊण मीटरची नळी ५०० अंशांनी तापली तर ती सहा मिमीहून जास्त लांब होते. ती सगळी वाढ दांड्याच्या दिशेने जात नाही हे खरं, पण रबरी माउंटवर इंजिनही ताकद लागल्यावर कलतं. स्टिअरिंगला नळी घासणं हा चालवून बघण्याचा विषय नाही.

कारण शेवटी साधं निघालं. मी फ्लँजचे बोल्ट आवळले होते आणि मग कलेक्टर मधल्या पाइपात खेचून बसवला होता. पाइपाने हेडर वाकडा ओढला. सगळं सोडलं, फ्लँज टांगता, कलेक्टर टांगता, मधला पाइप आणि मागची पकड ढिली. मग मागून पुढे येत पाइप त्याच्या नैसर्गिक जागी बसू दिला आणि शेवटी फ्लँज आवळला. दांड्यापासून अंतर ११ मिमी. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं, मित्राने इंजिन पहारीने हळूच दाबून हलवलं, तरी ८ मिमी राहतंय. या एका चुकीला अडीच तास गेले.

आवळणी मधल्या दोन बोल्टांपासून बाहेर: पहिला फेरा १५ न्यूटन-मीटर, दुसरा २५. आटे कोरडे ठेवले. आट्यांना वंगण लावून तोच आकडा गाठला तर बोल्टवर प्रत्यक्षात जास्त ओढ येते, आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. आठ नंबरच्या बोल्टने २५ धरलं. टॉर्क पान्याचा तो टक् आवाज आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकला.

प्लग १५ न्यूटन-मीटरने. प्रत्येक प्लगच्या टोपीवर उष्णतारोधक मोजा चढवला. स्टार्टरच्या जाड वायरीलाही अॅल्युमिनियमचं आवरण गुंडाळलं. हेडरपासून कोणतीही वायर किंवा ब्रेकची नळी दोन बोटांच्या आत येऊ दिली नाही.

सेन्सर मागे गेल्यामुळे पुढच्या दोन्हींना लांबवणाऱ्या वायरी लागल्या. दोन्ही वायरी एकसारख्या, दोन्ही क्लच हाउसिंगवरून नेऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधल्या. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट), टोकाला थेंबही नाही. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि हे शेवटचं काम होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार – ३ तास

बॅटरी लावली, पुन्हा एकदा सगळीकडे टॉर्च मारला, गाडी सुरू केली. पहिली दहा मिनिटं धूर येतो. कारखान्यातलं तेल आणि आवरणांतला चिकट भाग जळतो. दारं उघडी ठेवा, घाबरू नका, पण डोळा मात्र नळीवरून हलवू नका.

आवाज मोठा आणि भरदार. एलएस-१ मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-७-२-६-५-४-३ असा असल्याने डावीकडच्या चौघांत ३ आणि १ हे लागोपाठ, क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फक्त ९० अंशांवर येतात आणि ७ पासून ५ पर्यंत २७० अंशांची वाट पाहावी लागते. तो अडखळता ताल आता उघड ऐकू येतो.

पण डावीकडून थंड असताना टक-टक-टक. इंजिन तापल्यावर आवाज नाहीसा. मनाची समजूत घातली की लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) असेल, तेल चढलं की जातो. पंचवीस वर्षांच्या इंजिनात तेही शक्य असतं, आणि दमलेल्या माणसाला तेच उत्तर आवडतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार – १ तास

तीन दिवसांत सुमारे १२० किलोमीटर झाले आणि इंजिनचा दिवा लागला. या गाडीत कोड डॅशच्या पडद्यावरच दिसतात. पी-०१७२, पी-०१७४. पहिला म्हणजे बँक एकमध्ये इंधन जास्त, दुसरा म्हणजे बँक दोनमध्ये कमी. बँक एक म्हणजे डावीकडचे १, ३, ५, ७. बँक दोन उजवीकडचे २, ४, ६, ८.

स्कॅनर लावला. दीर्घकालीन इंधन-दुरुस्ती, म्हणजे सेन्सर बघून कंट्रोलर इंधन किती कमी-जास्त करतो तो आकडा, बँक एकला उणे २१, बँक दोनला अधिक २३ टक्के. मागून कच्च्या पेट्रोलचा वास. गाडी उभी केली. इतकं जास्त इंधन कॅटमध्ये जाऊन जळत राहिलं तर नवा कॅट आठवड्यात वितळेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार – ७ तास

आधी टक-टक. इंजिन पूर्ण थंड. मागे धुराची चार तोंडं आहेत. तीन फडक्यांनी गच्च बंद केली, चौथ्यात व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकणारं टोक कापड गुंडाळून घातलं. मग फ्लँजवर साबणाचं पाणी शिंपडलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे सात नंबरच्या पोर्टखाली, फ्लँजच्या खालच्या कडेला, बारीक बुडबुड्यांची एक रांग. आधी एक फुगा आला, फुटला, मग त्याच जागी भराभर लहान लहान येत राहिले, तांदळाच्या पेजेला उकळी फुटते तसे.

हेडर उतरवला. गॅस्केटवर सात नंबरभोवती अर्धवर्तुळ काळं. न तपासलेल्या डाव्या फ्लँजवर पट्टी ठेवली: पाच आणि सात नंबरच्या मध्ये ०.४ मिमीची पात सहज आत. वेल्ड करताना फ्लँज धनुष्यासारखा ओढला गेला होता. ९ तारखेला पाच मिनिटं दिली असती तर आजचा दिवस वाचला असता.

दुरुस्ती हातानेच केली. जाड काचेवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवला, फ्लँजवर मार्करच्या रेघा मारल्या आणि हेडर उलटा धरून आठाच्या आकारात घासला. रेघा जिथे पुसतात तो भाग उंच. दोन तास आणि चार कागद लागले, तेव्हा सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या. पात आता ०.१ची पण जात नाही. नवीन गॅस्केट, तीच आवळणी. गाडी थंड सुरू केली: टक-टक गेली.

दिवा पुसला आणि चक्कर मारली. वीस किलोमीटरनंतर दुरुस्तीचे आकडे पुन्हा त्याच दिशेला पळायला लागले.

२३ फेब्रुवारी, रविवार – ८ तास

रात्रभर डोक्यात एकच विचार: बँक दोनला इंधन कमी पडतंय म्हणजे सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतोय. सेन्सरच्या आधी कुठे गळती असली की धुराच्या धक्क्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत येते, सेन्सर ती मोजतो आणि कंट्रोलर फुकट इंधन वाढवतो. बँक दोन म्हणजे उजवी बाजू. उजवीकडे आठ नंबरचा तो बोल्ट. म्हणजे तोच.

सकाळी उजवा हेडर उतरवला. काल साबणाच्या पाण्याने उजवीकडे एकही बुडबुडा दाखवला नव्हता, हे माहीत असूनही. गॅस्केट स्वच्छ, बोल्ट ठणठणीत. पुन्हा बसवायला दुपार झाली आणि पोलादी गॅस्केट एकदा दाबलेलं परत वापरू नये म्हणून तिसरी जोडी खर्ची पडली.

दुपारी मित्र आला. प्लग काढून ओळीत ठेवले होते. डावीकडचे चारही पांढरट, उजवीकडचे चारही काजळीने काळे. तो बराच वेळ बघत बसला.

"कोड काय म्हणतोय, इंधन कुठे कमी?"

"उजवीकडे."

"मग उजवीकडचे प्लग काळे कसे?"

तेव्हा उजेड पडला. गळती डावीकडे होती, तरी कमी इंधनाची तक्रार उजवीकडची येत होती, हेही त्यातच बसत होतं. पुढच्या दोन सेन्सरच्या लांबवलेल्या वायरी मी क्लच हाउसिंगवर उलटसुलट जोडल्या होत्या. डावीकडचा सेन्सर उजव्या बँकेचं उत्तर म्हणून वाचला जात होता. कंट्रोलर उजवीकडे इंधन वाढवतो, परिणाम दिसतो दुसऱ्याच वायरीवर, म्हणून तो आणखी वाढवतो, आणि तिकडे डावीकडे तितकंच कापत जातो. दोन्ही बाजू एकमेकींपासून टोकापर्यंत पळतात.

खात्री करायला दोन मिनिटं लागली. किल्ली फिरवली, इंजिन बंद, डावीकडच्या पुढच्या सेन्सरचा कनेक्टर काढला. स्कॅनरवर बँक दोनचा पुढचा सेन्सर ४५० मिलिव्होल्टवर स्तब्ध झाला. बँक एकचा आकडा तसाच हलत राहिला. डावा काढला आणि उजवा मेला, याहून स्पष्ट काय हवं.

वायरी बदलल्या. या वेळी दोन्ही टोकांना रंगीत उष्णतारोधक नळीचे तुकडे घातले, डावीला लाल, उजवीला निळा. १ तारखेला मी ओळखीसाठी साधी कागदी चिकटपट्टी लावली होती; ती तेलाने सुटून कुठेतरी पडली असणार. दुरुस्तीचे साठवलेले आकडे स्कॅनरने शून्य केले. तीस किलोमीटर. दोन्ही सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली होताहेत, दुरुस्ती बँक एकला अधिक ३, बँक दोनला अधिक १. वास गेला.

जो कोणी दुहेरी कोड बघेल, एका बँकेला भरपूर अधिक आणि दुसरीला भरपूर उणे, त्याने हेडरला हात लावायच्या आधी एक सेन्सर काढून स्कॅनरकडे बघावं. माझा एक पूर्ण दिवस आणि एक गॅस्केटची जोडी त्यात गेली.

१ मार्च, शनिवार – २ तास

२०० किलोमीटर झाले. इंजिन रात्रभर थंड ठेवून सकाळी बोल्टांवर टॉर्क पाना फिरवला. बारापैकी सात बोल्ट थोडे फिरले, डावीकडचा पुढचा सगळ्यात जास्त, जवळजवळ पाव फेरा. नवं गॅस्केट बसतं तेव्हा हे होतंच. आठ नंबरचा हलला नाही.

अवरक्त किरणांच्या तापमापकाने नळ्या मोजायला गेलो तर आकडे भलतेच कमी आले. चकचकीत स्टेनलेसवर हे यंत्र फसतं. नळीवर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका लावला आणि त्यावर मोजलं, तेव्हा आठही नळ्या एकमेकींच्या जवळ आल्या.

थंड सुरुवातीला मात्र पहिली दोन-तीन मिनिटं मागे वास जास्त येतो. कॅट इंजिनपासून लांब गेल्याने तो तापायला वेळ घेतो. या हेडरसोबत एवढं सोसावंच लागतं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

१५ मार्च, शनिवार – १ तास

६०० किलोमीटर. पुन्हा थंड इंजिनावर पाना, या वेळी एकही बोल्ट हलला नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावर घासल्याची खूण नाही. मुद्दाम खडूची रेघ मारून ठेवली होती, ती जशीच्या तशी आहे. बोगद्याची प्लेट इतके दिवस तात्पुरत्या सहा बोल्टांवर होती, आज सगळे लावले.

ताकद मोजलेली नाही. हाताला जाणवतं ते चार हजार फेऱ्यांच्या पुढे, तिथे पूर्वी गाडी दम घ्यायची, आता घेत नाही.

एकूण ५३ तास. त्यातले ६ बोल्टचे, ७ न तपासलेल्या फ्लँजचे, ८ दोन वायरींचे आणि अडीच स्टिअरिंगच्या दांड्याचे. तोंडाचे दोन आटे गेलेलं ते भोक मी हेड कधी उतरवलं तर स्प्रिंग घालून पक्कं करेन. तोवर दर तेल बदलताना त्या बोल्टवर एकदा पाना लावायचा, असं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलंय.